पहिली मरणारी

जखमाबाईच्या हातून आजवर एकशे नऊ माणसं मेली. दचकू नका. मारणारा दुसराच असायचा, तोंडावर मुखवटा आणि हातात कुऱ्हाड घेतलेला. पण कुऱ्हाड रबराची आणि मुखवट्याच्या आत बहुतेक वेळा प्रॉडक्शनच्या गाडीचा ड्रायव्हर. खरं काम जखमाबाईचं. तिने हात लावला नसता तर आठ घाव खाल्लेला माणूस नुकताच आंघोळ करून आल्यासारखा टवटवीत दिसला असता, आणि थिएटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या.

ते खुनाचे पिक्चर म्हणजे सगळा काटकसरीचा मामला. एक बंगला, पाच-सहा नवी तोंडं, चौदा दिवसांत खेळ खल्लास. रात्रीचे सीन भर दुपारी, खिडक्यांना काळे कागद चिकटवून. रक्त मात्र बादलीने. साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, हे जखमाबाईचं रक्त. कॉफी विसरलात तर सरबत दिसतं, जास्त पडली तर गंज दिसतो. टिशू पेपर आणि रबराचा चीक यांचे थर देऊन ती मानेवर कातडं चढवायची, नखाने मधोमध चीर पाडायची, आणि चिरेत पाक सोडायची. बघणारा तोंड फिरवायचा. फक्त एक पंचाईत होती. पाकाला मुंग्या येत. मेलेली माणसं जमिनीवर पडल्या पडल्या अंग खाजवायची, आणि डिरेक्टर बोंब ठोकायचा, "अरे मढं हलतंय! मढ्याला सांगा कोणीतरी!"

त्या पिक्चरांत एक रीत होती. बाकी गोष्ट कशीही असो, तिच्यात दोन मुली असत. स्क्रिप्टमध्ये त्यांना नावंही नसत. "त्या दोघी" एवढंच लिहिलेलं. त्या दोघींनी हात धरायचा, लाजायचं, कुठेतरी आडोशाला जाऊन ओठाला ओठ लावायचे, आणि मरायचं. सगळ्यात आधी. एक मरायची, दुसरीला ती सापडायची, दुसरी किंचाळायची आणि मग तीही. बाकीचे चोरटे, दारुडे, लफडेबाज शेवटापर्यंत जिवंत राहू शकत. या दोघी मध्यंतरसुद्धा बघत नसत. एकदा जखमाबाईने डिरेक्टरला विचारलं, "एखाद्या तरी पिक्चरमध्ये सोडा की हो त्यांना." तो म्हणाला, "बाई, पब्लिकला त्या दोघी बघायच्याही असतात, आणि बघितल्याबद्दल त्यांना मारायचंही असतं. मी काय करू?" माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी जखमाबाईला त्याच्या थोबाडावर पाकाची बादली उपडी करावीशी वाटली.

कारण तोवर पहिली आली होती.

पहिली म्हणजे नटी. दिसायला उंच, आवाज घोगरा, अभिनय बेताचा, पण मरायची अशी की कॅमेरामन डोळे पुसायचा. चार पिक्चरांत ती "त्या दोघीं"पैकी एक झाली आणि चारही वेळा पहिली मेली, म्हणून युनिटमध्ये तिचं नाव पहिली. जखमाबाई हे नावही तिनेच पाडलेलं. लाडात आली की "जखमे" म्हणायची. "ए जखमे, आज कुठे खुपसणार? मान नको गं, मागच्या खेपेला चार दिवस चीक निघत नव्हता."

केसातला पाक निघता निघत नाही. गरम पाणी लागतं, तासभर लागतो, आणि दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. बंगल्याच्या मागे एक मोरी होती. पहिली स्टुलावर बसून मान मागे टाकायची आणि जखमाबाई तांब्याने पाणी सोडत तिच्या केसांतून बोटं फिरवायची. लाल पाणी, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. नुसतं पाणी यायला लागलं तरी दोघींपैकी कोणी उठायचं नाही. तिथेच, दुसऱ्या पिक्चरच्या वेळी, पहिलीने ओले हात वर करून तिचा चेहरा खाली ओढला होता. आता आडून आडून सांगण्यात काय हशील? प्रेम होतं. दोन वर्षं होतं. जखमाबाई एकोणतीस वर्षांची होती आणि तिला जन्मात पहिल्यांदा सकाळी उठून कामावर जायची घाई होत असे.

पण पुढचं दोघींनीही कधी काढलं नाही. कुठे राहायचं, काय सांगायचं, कोणाला सांगायचं. पहिली एकदा-दोनदा बोलता बोलता तिथवर यायची, आणि जखमाबाई म्हणायची, "थांब, ब्रश धुवून येते." कामात डोकं खुपसायची तिला भारी खोड. भीतीच वाटत होती बाईला, दुसरं काय! ब्रश काय पळून जाणार होते?

पाचव्या पिक्चरचं नाव "तळ्यावर कोणी जाऊ नका". त्यात पहिली नवव्या मिनिटालाच मेली. तिचं काम पाचव्या दिवशी आटोपलं. शेवटच्या दिवशी शेवटचा सीन होता: बंगल्यासमोर ॲम्ब्युलन्स, वाचलेली माणसं, शेजारपाजारचे बघे. ॲम्ब्युलन्स कोणाच्या तरी ओळखीने मागून आणलेली, दुपारी बाराच्या ठोक्याला परत द्यायची. आणि बघ्यांत दोन माणसं कमी. पहिली कपाळाला पट्टी बांधून त्या घोळक्यात उभी राहिली. जखमाबाईने तिला बघितलं ते तिथे, शेवटचं. चार दिवसांनी ती तिच्या खोलीवर गेली तर दाराला कुलूप, आणि घरमालकीण म्हणाली, "ती? ती तर शहर सोडून गेली की. त्याच दुपारी."

न सांगता. एक चिठ्ठी नाही, एक निरोप नाही. जखमाबाईचा त्या दिवशी जो घास तोंडात फिरला तो पुढची कित्येक वर्षं फिरतच राहिला. एकच प्रश्न तिला आतून कुरतडत होता: अगं, न सांगता का गेलीस? माझं काय चुकलं ते तरी सांगायचंस. तिने पिक्चर सोडले. मग लग्नाचा विषय निघाला की "बघू" म्हणत म्हणत ती चाळिशी ओलांडून गेली, आणि विषय काढणारी आई गेली. भाऊ-भावजयीच्या घरी पुढची खोली तिची. आता ती प्रथमोपचार शिकवणाऱ्या वर्गांना जखमा करून देते. मोडलेला हात, भाजलेली पाठ, फुटलेलं डोकं. शिकणारी पोरं येतात, पट्ट्या बांधतात, आणि सगळे रोगी चहा पिऊन घरी जातात. तिला हे काम आवडतं. इथे कोणी मरत नाही.

अशी सत्तावीस वर्षं गेली, आणि एका सोमवारी ग्रंथपालबाईंचा फोन आला.

या बाई एका सार्वजनिक वाचनालयात कामाला. तिथल्या खालच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी त्या जुने पिक्चर दाखवायच्या. ते बघायला जमत त्या बहुतेक बायका, आणि त्यातल्या बऱ्याच जणी "त्या दोघीं"सारख्याच. "आम्ही 'तळ्यावर कोणी जाऊ नका' दाखवतोय," बाई म्हणाल्या. "नंतर प्रश्नोत्तरं आहेत. तुम्ही यालच ना?"

"अहो, तो?" जखमाबाई हसायलाच लागली. "तो कोण बघतं?"

"आम्ही बघतो. पाठ आहे आम्हाला." बाईंचा आवाज जरा हळू झाला. "त्या सगळ्या पिक्चरांत त्या दोघी मरतात हो. एकजात सगळ्या. फक्त या एकात आधी मेलेली ती शेवटी उभी दिसते, घोळक्यात, कपाळाला पट्टी बांधून. तीच ती. म्हणजे ती वाचली. आमच्यातल्या कित्येकींनी तेवढ्यासाठी तो पिक्चर जपून ठेवलाय. एकीने तर मला सांगितलं, मी सोळा वर्षांची असताना ते बघून जगायचं ठरवलं."

ती वाचलीबिचली नव्हती. माणसं कमी होती! मेलेल्या नटीला पट्टी गुंडाळून घोळक्यात घुसडलं, डिरेक्टर म्हणाला कोणाच्या बापाच्या लक्षात येतंय. पण फोनवर हे कसं सांगायचं? आणि ती सांगायला तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "त्यांनाही शोधून काढलंय आम्ही. त्या येतायत."

फोन ठेवल्यावर जखमाबाईने ब्रश धुवायला घेतले. ते स्वच्छच होते.

पुढचे तेरा दिवस तिचं कशात लक्ष लागेना. एका रोग्याच्या डाव्या पायाचं हाड उजव्या पायावर बसवून आली. तिला हॉलमधल्या प्रश्नांची फिकीर नव्हती. तिचं उत्तर तयार होतं, माणसं कमी होती म्हणून. तिला स्वतःचा प्रश्न विचारायचा होता. रविवारी सकाळी भावजय तिच्या खोलीत आली तर पलंगावर पाच शर्ट पसरलेले.

"निळा घाला, ताई," भावजय म्हणाली. "तुम्हाला निळा शोभतो. आणि ती येणार आहे ना?"

"ती कोण ती?"

"आता वेड पांघरू नका. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सहा महिने रोज संध्याकाळी दारातल्या पत्रपेटीत हात घालून बघत होतात. पेटी रिकामी आहे हे डोळ्यांनी दिसत असताना. मला काय डोळे नव्हते?" तिने निळा शर्ट उचलला आणि इस्त्री करायला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "यांना मी काही बोलले नाही. बोलायचं असेल तर तुम्ही बोला. ते काही तुम्हाला खात नाहीत."

जखमाबाई उरलेल्या चार शर्टांच्या घड्या करत बसली. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि ही बया सगळं जाणून होती!

हॉलमध्ये पाऊणशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पुढच्या रांगेत एक उंच बाई बसली होती, केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले. तिने मान वळवली. जखमाबाईने पाठ केलेली सगळी वाक्यं तिथल्या तिथे उडून गेली.

"ए जखमे," घोगरा आवाज म्हणाला. "जाड झालीस."

"तू केस कापलेस," जखमाबाई म्हणाली.

"मग काय करू? धुवायला कोण होतं?"

शेजारी शेजारी बसल्या. पिक्चर सुरू झाला. फार टुकार पिक्चर होता हो, खोटं कशाला बोला. रबराची कुऱ्हाड वाकलेली दिसत होती. पण हॉलमधल्या बायका संवाद आधीच म्हणत होत्या, मुखवटेवाला आला की हुर्यो करत होत्या, आणि नवव्या मिनिटाला पहिली मेली तेव्हा सगळ्या एकदम गप्प झाल्या. जखमाबाईचं लक्ष पडद्यावर नव्हतंच. शेजारच्या हाताच्या अंतरावर तिचा सगळा जीव गोळा झाला होता. सत्तावीस वर्षांत या बाईला किती वेळा मनातल्या मनात चहा करून दिला, किती वेळा भांडली, किती वेळा कुशीवर वळून जागा करून दिली, याची गणती नव्हती.

"काय करतेस हल्ली?" तिने हळूच विचारलं.

"लाँड्री आहे माझी. आयुष्यभर डाग पाडून घेतले, आता काढते."

"एकटीच चालवतेस?"

"नाही. आम्ही दोघी आहोत. अठरा वर्षं झाली. इस्त्री तीच करते, मला मेली ती इस्त्री अजून जमत नाही." मग पहिली म्हणाली, "चांगली आहे गं. तुला आवडेल."

"हो," जखमाबाई म्हणाली. "असेलच." आणि ती पडद्याकडे बघायला लागली, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत काहीतरी खळकन फुटलं होतं, पण चांगली आहे हे ऐकून बरंही वाटत होतं, आणि आपल्याला बरं का वाटावं म्हणून स्वतःचा रागही येत होता. निदान तो प्रश्न तरी विचारून टाकू. एवढ्यासाठीच आलोय. पडद्यावर शेवटचा सीन लागला होता. ॲम्ब्युलन्स आली.

"न सांगता का गेलीस?" जखमाबाईने विचारलं.

पहिलीने चमकून तिच्याकडे बघितलं. "न सांगता?"

"मग? प्रॉडक्शनने बोलावलं म्हणून घोळक्यात येऊन उभी राहिलीस, आणि तिथूनच गेलीस. मला एक शब्दसुद्धा नाही."

"मला कोणी बोलावलं नव्हतं, जखमे." पहिली अगदी हळू बोलत होती. "माझं काम आठवड्यापूर्वी संपलं होतं. मी तुझ्याकडे आले होते. बॅग घेऊन. एकची गाडी होती, आणि तुला विचारायचं होतं, येतेस का. तुझ्यासमोर येऊन उभी राहिले आणि म्हटलं, मला बोलायचंय. तू म्हणालीस, 'बरं झालं आलीस, दोन माणसं कमी पडतायत.' पट्टी गुंडाळलीस माझ्या डोक्याला. म्हणालीस, 'मान खाली ठेव, तू मेलीयस. शॉट झाल्यावर बोलू.'"

जखमाबाईला त्या दिवसाची बारा कपाळं आठवत होती. कुठली जखम डावीकडे, कुठली वाळलेली, कोणाच्या भुवईवर पाक जास्त झाला होता, सगळं लख्ख आठवत होतं. हे बोलणं आठवत नव्हतं. तिने खूप आठवून बघितलं.

"मग शॉट झाला," पहिली म्हणाली. "आणि तू ॲम्ब्युलन्समधल्या रोग्याकडे पळालीस. बारा वाजत आले होते. मी अर्धा तास उभी होते. मला वाटलं, तुला कळलंय मी कशाला आलेय, आणि हेच तुझं उत्तर आहे."

पडद्यावर घोळका दिसला. सगळे बघे ॲम्ब्युलन्सकडे माना वळवून बघत होते. पट्टीवाली एकटी बघत नव्हती. तिने मानही खाली घातली नव्हती. ती कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होती, टक लावून, आणि कॅमेऱ्याच्या त्या बाजूला त्या दिवशी कोण हातात ट्रे घेऊन उभं होतं हे सबंध हॉलमध्ये दोघींनाच ठाऊक होतं. चार सेकंदांचा शॉट. मागे बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दिवे लागले. ग्रंथपालबाईंनी दोघींना पुढे बोलावलं, दोन खुर्च्या दिल्या, एक माईक दिला. एक चष्मेवाली मुलगी उठली. तिच्या हातात वही होती. "मला जखमाबाईंना विचारायचंय. ती वाचली ना? म्हणजे तुम्ही मुद्दाम वाचवलीत ना तिला? आणि शेवटी ती कोणाकडे बघते? आमच्यात यावर फार भांडणं आहेत."

माणसं कमी होती. एवढंच म्हणायचं होतं. जखमाबाईने माईक हातात घेतला.

"वाचली," ती म्हणाली. "बघताय ना, ही बसलीय. पण मी नाही वाचवली. तिची ती वाचली." मग म्हणाली, "आणि बघतेय ती माझ्याकडे. मला काहीतरी विचारायला आली होती. मी कामात होते. मी तिला पट्टी बांधली आणि उभी केली."

मुलीने वही छातीशी धरली. "मग?"

"मग काय. शॉट ओके झाला."

एक-दोघी हसल्या. जखमाबाई पहिलीकडे वळली. तिला हळूच बोलायचं होतं, फक्त तिच्यापुरतं, पण माईक हातातच राहिला होता आणि शब्द न् शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला.

"आले असते गं मी," ती म्हणाली. "ट्रे तिथेच टाकून आले असते."

पहिलीने मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हणून तर आले होते."